जुळे सोलापूर: १४ गुंठ्यांची ओपन स्पेस, नकाशात सगळीकडे लॉन. पाण्याचं गणित बसेल का?

सचिव_जुळे_सोलापूर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सोसायटीच्या ओपन स्पेसचं काम काढायचं ठरलंय. माहिती अशी:

जागा १४ गुंठे, आयताकृती. उतार पश्चिमेकडून पूर्वेकडे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण दीड फूट. वर ४ फूट काळी माती, खाली मुरूम. पूर्वेच्या कंपाऊंडलगत पावसाचं पाणी साचतं आणि चिखल आठवडाभर हलत नाही. अंतर्गत रस्त्याचं पाणीही तिकडेच येतं. तो रस्ता अंदाजे ६०० चौ. मी. आहे. मधोमध एकमजली हॉल आहे, त्याचा स्लॅब १,८०० चौ. फूट.

पाणी: नळाचं पाणी काही दिवसांआड येतं, ते घरांनाच पुरत नाही, त्यामुळे बागेला त्यातला थेंबही नाही. एक बोअर आहे, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) १,९००. मार्चनंतर अर्धा तास चालते आणि हवा ओढते. पुढे टँकर.

ज्यांच्याकडून नकाशा काढून घेतला त्यांनी ८,००० चौ. फूट लॉन, मध्ये कारंजं, चारी बाजूंनी कोनोकार्पस झाडांची भिंत आणि बाकी सगळीकडे सिमेंटच्या सांध्यांचे पेव्हर दाखवलेत. दिसायला छान आहे. सभेत निम्मे लोक खूश आहेत, निम्मे म्हणतात टँकरचं बिल कोण भरणार.

माझे प्रश्न:
१. एवढ्या लॉनला उन्हाळ्यात नेमकं किती पाणी लागेल?
२. पूर्वेला साचणारं पाणी मुरवता येईल का? शोषखड्डा खणला तर चालेल का?
३. झाडं कोणती लावावीत आणि ठिबक बसवावं का?

पोकळ सल्ला नको, आकडे द्या. सभेत मांडायचे आहेत.

---

मुरूममाती

सचिवसाहेब, तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ "४ फूट काळी माती, खाली मुरूम" ही आहे. झाडांची यादी सगळ्यात शेवटी येते. आधी पाणी, मग माती, मग फरशी, मग झाडं. नकाशा काढणाऱ्यांनी नेमका उलटा क्रम लावलाय.

लॉनचं गणित सोपं आहे. १ चौ. मी.वर १ मिमी म्हणजे १ लिटर, एवढं लक्षात ठेवा, बाकी सगळं त्यावर निघतं. ८,००० चौ. फूट म्हणजे ७४३ चौ. मी. आपल्याकडे फेब्रुवारी ते मे हिरवळ हिरवी ठेवायची तर सरासरी रोज ५ मिमी धरा, मे महिन्यात ६.

७४३ × ५ × १२० दिवस = ४ लाख ४५ हजार लिटर. ५,००० लिटरचे ८९ टँकर. मे महिन्यात रोज ४,४५० लिटर, म्हणजे रोज जवळजवळ एक टँकर. हे फक्त गवताच्या मुळाशी पोहोचलेलं पाणी. नळीने मारताना वाऱ्यावर उडणारं आणि पेव्हरवरून गटारात जाणारं वेगळं, ते सहज पाव हिस्सा असतं.

आता दुसरा हिशोब बघा. हरळी १,२०० चौ. फूट, म्हणजे १११ चौ. मी.: १११ × ५ × १२० = ६७ हजार लिटर. २४ झाडं, प्रत्येकी २० लिटर आठवड्यातून दोनदा: ९६० लिटर. २५० झुडपं, प्रत्येकी ४ लिटर आठवड्यातून दोनदा: २,००० लिटर. दोन्ही मिळून आठवड्याला ३ हजार, १७ आठवड्यांचे ५१ हजार. एकूण १ लाख १८ हजार लिटर, म्हणजे २४ टँकर. शिवाय हा पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्याचा आकडा आहे. स्थानिक झाडं असतील तर तिसऱ्या उन्हाळ्यापासून झाडांचा भाग जवळजवळ सुटतो. लॉनचा कधीच सुटत नाही.

सभेत ८९ आणि २४ एवढे दोनच आकडे फळ्यावर लिहा.

कारंज्याबद्दल फार लिहीत नाही. मे महिन्यातल्या वाऱ्यात तुषार हौदाबाहेर पडतात, हौद रोज भरावा लागतो आणि १,९०० टीडीएसच्या पाण्याने दोन महिन्यांत नोझलवर पांढरा थर चढतो. त्याच पैशात पूर्वेचं पाणी मार्गी लागेल.

शोषखड्ड्याबद्दल: काळ्या मातीत नुसता खड्डा खणून विटांचे तुकडे भरले तर ते डबकं होतं. काळी माती एकदा भिजून फुगली की तासाला १ ते ५ मिमीच पाणी घेते. म्हणून आधी चाचणी करा. चाचणीतही एक गोम आहे. एप्रिल-मेमध्ये भेगा पडलेल्या असतात. त्या वेळी बादलीभर पाणी ओतलं तर दहा मिनिटांत गायब होतं आणि माणूस म्हणतो, "वा, काय मुरतंय!" ते मुरलेलं नसतं, भेगेत गेलेलं असतं. जुलैत भेगा बुजल्या की तोच खड्डा आठवडाभर भरलेला राहतो.

चाचणी अशी करा:

पूर्वेच्या बाजूला तीन ठिकाणी १ × १ फूट तोंडाचे खड्डे घ्या, दीड फूट खोल. हे काळ्या मातीचे. त्यांच्या शेजारी आणखी तीन, मुरूम लागून पुढे १ फूट खाली जाईपर्यंत. म्हणजे जवळपास ५ फूट. यांना माणूस उतरेल एवढं तोंड ठेवा आणि तळाशी १ फुटाचा छोटा खड्डा करा. सगळ्या खड्ड्यांत २४ तास पाणी राखा, आटेल तसं भरत राहा. दुसऱ्या दिवशी १ फूट पाणी भरा, काठीवर खूण करा आणि दर अर्ध्या तासाने पट्टीने उतार मोजा. निदान ३ तास. शेवटच्या तासाचा उतार हाच खरा आकडा. डिझाइनला त्याचा निम्मा धरायचा, कारण गाळ बसून वेग कमी होतोच.

आकडे आले की इथे टाका, पाणी मुरवायच्या चराची लांबी-रुंदी काढता येईल.

---

हिवर_बाभूळ

मुरूममाती यांच्याशी सहमत. झाडांचं मी लिहितो.

कोनोकार्पस अजिबात नको. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. मुळं ड्रेनेज आणि पाण्याच्या लाइनीत शिरतात, पक्ष्यांना उपयोग नाही, आणि हिरवी भिंत टिकवायची तर दर दीड-दोन महिन्यांनी छाटणी. आडोसा हवा असेल तर अडुळसा आणि मेंदी, दोन ओळींत, दीड-दीड फुटांवर, नागमोडी. अडुळशाला शेळी तोंड लावत नाही, कंपाऊंडच्या बाजूला हा मोठाच फायदा. जिथे ऊन थेट आणि माती हलकी तिथे तरवड. वर्षाचा बराच काळ पिवळा बहर असतो आणि दुसऱ्या वर्षानंतर पाणी मागत नाही. कण्हेर टिकाऊ आहे पण तिचा प्रत्येक भाग विषारी, त्यामुळे खेळाच्या जागेजवळ लावू नका.

मोठी झाडं: कडुनिंब, करंज, बहावा, आपटा, पळस, शमी, हिवर, बोर. पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला दाट सावलीची घ्या, म्हणजे कडुनिंब आणि करंज. दुपारी तीननंतरचं ऊन तिकडून येतं आणि बाकांवर संध्याकाळी बसवेल की नाही हे तिथल्या सावलीवर ठरतं. हिवर आणि बोर काटेरी, ती कोपऱ्यात. दोन झाडांत ६ ते ७ मीटर. १४ गुंठ्यांत हॉल, खेळाची जागा, हिरवळ वजा जाता २४ झाडं पुष्कळ झाली. "५०० वृक्षांची लागवड" असा बोर्ड लावायचा मोह होतो, पण पाचव्या वर्षी निम्मी काढावी लागतात आणि तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते.

वड-पिंपळ इमारतीच्या जवळ नको हे सगळ्यांना माहीत असतं. काळ्या मातीत आणखी एक गोष्ट असते. कुठलंही मोठं झाड इमारतीच्या पायाखालच्या मातीतलं पाणी ओढतं, माती आकसते आणि भिंतीला तिरपी चीर जाते. हॉलपासून ५-६ मीटर सोडाच.

खड्डा ३ × ३ × ३ फूट. काळ्या मातीत टिकावाने खणलेल्या खड्ड्याच्या बाजू घासून गुळगुळीत होतात आणि खड्डा हौदासारखा पाणी धरून ठेवतो, मुळं कुजतात. म्हणून भरायच्या आधी बाजू आणि तळ पहारीने ठिकठिकाणी फोडायचे. भरताना निघालेली माती २ भाग, कुजलेलं शेणखत १ भाग, बारीक मुरूम १ भाग, अर्धा किलो निंबोळी पेंड. वाळू मिसळू नका. काळ्या चिकणमातीत थोडी वाळू घातली की ती मोकळी होत नाही, उलट विटेसारखी घट्ट बसते. रोप जमिनीपेक्षा २ इंच वर बसवा, भरलेली माती नंतर बसतेच.

रोपं ५-६ फुटांची घ्या. १२ फुटांचं झाड पिशवीतून आणलं की त्याची मुळं गोल गुंडाळलेली असतात आणि दोन वर्षं ते नुसतं उभं राहतं. ५ फुटांचं रोप तोवर त्याला गाठतं.

लागवड जूनअखेर ते जुलैचा पहिला पंधरवडा, आणि तीही एक चांगला पाऊस जमिनीत उतरल्यावर. पर्यावरण दिनाला, ५ जूनला, फोटोसाठी लावलेली रोपं पुढच्या कोरड्या पंधरवड्यात जातात. ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडतो तेव्हा पाणी द्यायची सोय हवी. लोक पावसाळा म्हणून नळी गुंडाळून ठेवतात आणि रोपं तिथेच मरतात.

मोकळ्या पट्ट्यांसाठी मारवेल आणि पवन्या. आपल्या नान्नजच्या माळरानावर जी गवतं पाण्याशिवाय उभी असतात तीच. पावसाळ्यात हिरवी, दिवाळीनंतर सोनेरी. बी पडल्यावर एकदा विळ्याने कापायचं, कडबा बांधतात तसं बांधून गोठ्याला द्यायचं. "साप येतील" ही तक्रार येणारच. त्यासाठी वाटेच्या दोन्ही बाजूंनी ३ फुटांची पट्टी नेहमी कापलेली ठेवा.

---

ठिबक_थेंब

ठिबक हवंच. डाळिंबाच्या जिल्ह्यात ठिबकचा फिटर शोधावा लागत नाही. अडचण इतकीच की फिटर शेताचं डिझाइन बागेत आणतो: एक व्हॉल्व्ह, सगळीकडे एकच नळी. बागेत झाडांची आणि झुडपांची तहान वेगळी, म्हणून व्हॉल्व्ह वेगळे.

पहिला झोन झाडं: प्रत्येकी ४ लिटर ताशीचे २ ड्रिपर. २४ झाडांचे १९२ लिटर ताशी. अडीच तास चालवलं की झाडाला २० लिटर.
दुसरा झोन झुडपं: प्रत्येकी २ लिटर ताशीचा १ ड्रिपर, ५०० लिटर ताशी, २ तास. काळ्या मातीत जास्त वेगाचा ड्रिपर लावला की पाणी वरून वाहतं, म्हणून २ चाच.
हिरवळीला ठिबक नको. दोन ठिकाणी नळ काढून ठेवा, पहाटे नळीने द्या.

दाब: १० मीटर उंचीला १ किलो (प्रति चौ. सेंटिमीटर). तुमचा हॉल एकमजली आहे. गच्चीवरच्या टाकीचा तळ साडेचार मीटरवर धरला तर ०.४५ किलो मिळतो. त्यातले ०.१५ ते ०.२ फिल्टरच खातो. उरलेल्या पाव किलोवर पहिल्या झाडाला पाणी जातं आणि शेवटचं सुकतं. अर्धा एचपीचा पंप टाका, १ किलो दाब ठेवा. तेवढा दाब असेल तर प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर घ्या, सगळीकडे सारखं पडतं.

फिल्टर: १ इंची डिस्क फिल्टर, १२० मेश. जाळीच्या फिल्टरपेक्षा डिस्क धुवायला सोपा. प्रत्येक लॅटरलच्या (ड्रिपर बसवलेल्या बारीक नळीच्या) शेवटी एंड कॅप हवी, दर १५ दिवसांनी सोडून पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्यायचं. हे केलं नाही की पहिल्या वर्षअखेरीस शेवटच्या १० मीटरमधले ड्रिपर बंद.

१,९०० टीडीएसचं पाणी असल्याने ड्रिपरच्या तोंडावर पांढरा क्षार बसणार. वर्षातून एकदा, उन्हाळ्याआधी, ॲसिडने धुवावं लागतं. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. हातमोजे, चष्मा. पाण्याचा पीएच ४ च्या आसपास आणायचा, लाइन भरून रात्रभर ठेवायची, सकाळी धुऊन काढायची. हे माळ्यावर सोडू नका, ठिबकच्या माहितगार माणसाकडून करून घ्या.

पानांच्या कडा करपल्या तर लगेच "पाणी कमी पडलं" म्हणून रोज थोडं थोडं देऊ नका. तो क्षाराचा परिणाम असतो आणि थोड्या पाण्याने क्षार मुळाशीच साठतो. उलट पाळी लांबवा आणि एकदाच भरपूर द्या, क्षार खाली जातो.

सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट: पायवाटांखालून ७५ मिमीचे पीव्हीसी पाइप रिकामेच आडवे टाकून ठेवा, दर ८-१० मीटरवर एक, टोकं बंद करून. नंतर ठिबकची नळी न्यायला नवे पेव्हर उखडावे लागत नाहीत. ३ फुटांच्या वाटेला साडेतीन-चार फुटांचा तुकडा पुरतो, खर्च किरकोळ.

ड्रिपर दरवर्षी खोडापासून लांब सरकवायचे: पहिल्या वर्षी १ फूट, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्या वर्षी ३. खोडाशीच ठेवले तर मुळं तिथेच गोळा होतात आणि वादळात झाड आडवं.

---

पाचटवाला

वरच्या मंडळींनी आच्छादनाचा उल्लेखच केला नाही म्हणून लिहितो. आपल्या जिल्ह्यात उसाचं पाचट शेतात जाळतात आणि बागेसाठी लोक पुण्याहून कोकोपीट मागवतात. फेब्रुवारीत एक ट्रॉली पाचट आणा, आळ्यात ३ ते ४ इंच थर द्या. उन्हाळ्यात दोन पाळ्यांमधलं अंतर सरळ वाढतं आणि काळ्या मातीच्या भेगा पडायच्या थांबतात. भेगा पडल्या की बारीक मुळं तुटतात.

दोन पथ्यं. खोडापासून ६ इंच मोकळं ठेवा, नाहीतर वाळवी पाचटातून थेट सालीवर चढते. आणि दिवाळीत फटाके उडवायच्या जागेपासून लांब, वाळलेलं पाचट एका ठिणगीने पेटतं. त्या काळात वरून एक घमेलं माती पसरली की काम भागतं.

ज्या चार-पाच झाडांपर्यंत ठिबक जात नाही तिथे मातीची घागर पुरा. आतून-बाहेरून न रंगवलेली, ५-७ लिटरची, गळ्यापर्यंत जमिनीत, रोपापासून फूटभर लांब. तोंडावर कौल किंवा फरशीचा तुकडा, नाहीतर डास. क्षाराच्या पाण्याने वर्ष-दीड वर्षात घागरीची छिद्रं बुजतात, मग बदलायची.

---

सचिव_जुळे_सोलापूर

फारच उपयोगी. ८९ विरुद्ध २४ सभेत चाललं. पण ज्येष्ठ मंडळी अडून आहेत की सकाळी अनवाणी चालायला हिरवळ हवीच. १,२०० चौ. फुटांत ते होईल का? आणि हॉलच्या स्लॅबचं पाणी बोअरला सोडावं की टाकीत साठवावं? पेव्हरचं काय करायचं तेही सांगा.

---

मुरूममाती

अनवाणी चालायला चौकोनी लॉन लागत नाही, पट्टा लागतो. ५ फूट रुंद आणि २४० फूट लांब म्हणजे बरोबर १,२०० चौ. फूट. झाडांच्या कडेने वळत वळत न्या. साधी हरळीच लावा. ती क्षार सोसते, उन्हाळ्यात पिवळी पडली तरी मरत नाही, पहिल्या पावसाला उठते. मऊ, दाट, कार्पेटसारखं गवत या पाण्यावर टिकत नाही.

स्लॅबचं पाणी: १,८०० चौ. फूट म्हणजे १६७ चौ. मी. वर्षाला ६०० मिमी पाऊस धरला आणि १५ टक्के वाया गेलं म्हटलं तर ८५ हजार लिटर. हे सगळं साठवून मे महिन्यात वापरू असं वाटतं, पण त्यासाठी लाख लिटरची टाकी बांधावी लागेल आणि बजेट तिथेच संपेल. १० हजारांची टाकी घ्या, ती ऑगस्टच्या खंडात कामी येईल. बाकीचं बोअरला.

स्लॅब धुऊन येणारं पहिलं घाण पाणी बाजूला काढायला पाइपचा तुकडा लावून देतात, तो पुरत नाही. १ मिमी पाऊस धुऊन काढायचा तर १६७ लिटर जागा लागते आणि ४ इंची पाइपमध्ये मीटरला ९ लिटरसुद्धा मावत नाहीत. २०० लिटरचं पिंप लावा, तळाला अर्ध्या इंचाचा नळ, तो किंचित उघडा ठेवायचा म्हणजे पुढच्या पावसाआधी पिंप आपोआप रिकामं होतं.

बोअरभोवती ६ फूट रुंद, ६ फूट खोल खड्डा. खड्ड्यातल्या केसिंगला (बोअरच्या बाहेरच्या पाइपला) तळाच्या ३ फुटांत ४-५ मिमीची भोकं, त्यावर नायलॉनची जाळी दोन फेरे. तळाला मोठे दगड, वर ४० मिमी खडी, वर २० मिमी, सगळ्यात वर १ फूट जाड वाळू. वाळूचा वरचा २ इंच थर दर मे महिन्यात काढून धुवायचा. रस्त्याचं पाणी बोअरमध्ये कधीही सोडू नका. गाड्यांचं तेल आणि कुत्र्यांची घाण थेट भूजलात जाते आणि ते परत काढता येत नाही. सेप्टिक टँक १५ मीटरच्या आत असेल तर बोअर रिचार्जचा विचारच सोडा. नव्या बांधकामाला ५०० चौ. मी. आणि त्यावरच्या भूखंडावर पर्जन्यजल संधारण राज्याच्या बांधकाम नियमावलीत सक्तीचंच आहे. तेव्हा जुना खड्डा कागदावर असेल तर तो आधी शोधा. पुष्कळदा वर पेव्हर घालून बुजवलेला असतो.

पेव्हर: काळ्या मातीवर थेट घातले तर पहिल्या पावसाळ्यात पाठ फुगते आणि उन्हाळ्यात पोट खचतं. दीड फूट माती काढा. मुरूम १५ सेंटिमीटरच्या थरांनी, पाणी मारून, रोलरने दाबत. त्यावर ४० मिमी खडीचा १० सेंटिमीटर थर, वर ३-४ सेंटिमीटर ६ मिमीची कच (बारीक खडी), मग पेव्हर. चालायच्या वाटेला ६० मिमी जाडीचे, गाडी जाणार असेल तिथे ८० मिमी. सांध्यात सिमेंट नको, कचच भरा. कडेला काँक्रीटची पट्टी हवीच, नाहीतर बाजूने सरकतात.

खरं सांगायचं तर वाटांना पेव्हरपेक्षा न घासलेली शहाबादी बरी. ४० मिमी जाडीची, दोन फरशांत २ इंच फट, फटीत हरळी. पॉलिश केलेली घेऊ नका, पहिल्या पावसात कोणीतरी घसरतं. झाडाभोवती पार बांधाल तर खोडापासून निदान १ मीटर माती उघडी ठेवा.

---

सचिव_जुळे_सोलापूर

चाचणी झाली. २४ तास पाणी राखून मोजलं.
काळी माती, तिन्ही खड्डे: तासाला ३, २ आणि ३ मिमी.
मुरूम, आग्नेय आणि मधला खड्डा: तासाला ३२ आणि ३५ मिमी.
ईशान्येच्या खड्ड्यात साडेतीन फुटांवर काळा पाषाण लागला. पहार उसळते. तिथे पाणी हललंच नाही.

---

मुरूममाती

चाचणीचं चीज झालं. ईशान्य कोपऱ्यात चर खणला असता तर पैसे दगडात गेले असते.

रस्ता ६०० चौ. मी., ४० मिमीची एक जोरदार सर, ८० टक्के वाहून येतं असं धरा: १९,२०० लिटर. हे ४८ तासांत मुरलं पाहिजे. डासांची अंडी ते डास व्हायला आठवडाभर लागतो, पण पाठोपाठ दुसरा पाऊस आला तर जागा रिकामी हवी.

वर पूर्वेच्या बाजूला २० मीटर लांब, ३ मीटर रुंद, २० सेंटिमीटर खोल उथळ खळगा. त्यात १२ हजार लिटर मावतात. त्याच्या पोटात चर, पण फक्त दक्षिणेकडच्या १४ मीटरमध्ये. ईशान्येचे ६ मीटर नुसता खळगाच, तळाला चराकडे हलका उतार द्या. चर ३ फूट रुंद आणि मुरमात २ फूट उतरलेला, म्हणजे एकूण ६ फूट खोल. ४० मिमी खडीने भरला की पोकळी ४० टक्के, म्हणजे ९ हजार लिटर. दोन्ही मिळून २१ हजार, सर मावली.

मुरण्याचा वेग ३२ चा निम्मा, १६ मिमी. मुरमातलं तळाचं आणि दोन्ही बाजूंचं क्षेत्र मिळून २९ चौ. मी. तासाला ४७० लिटर. १९,२०० लिटरला ४१ तास. बसतंय.

चराच्या बाजूंना आणि वरून नॉनवोव्हन जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड), २०० जीएसएम म्हणजे चौ. मीटरला २०० ग्रॅम. तळाला घालू नका. वर ६ इंच कच आणि माती-मुरूम-शेणखताचं मिश्रण, त्यात मारवेल. रस्त्याच्या कडेचा कर्ब दर ६ मीटरवर दीड फूट तोडायचा. खळग्याची कड रस्त्यापेक्षा २ इंच खाली हवी, नाहीतर पहिल्याच पावसात पाला अडकून तोंड बंद. पाणी पडतं तिथे दगड मांडा. खळग्याच्या तळापासून २० सेंटिमीटर वर एक ओव्हरफ्लो पाइप, ६ इंची, पावसाळी गटाराला.

६ फूट खोल चर काळ्या मातीत धोकादायक असतो, कडा न सांगता ढासळते. कंपाऊंडच्या भिंतीपासून २ मीटर सोडा, खोदकाम एप्रिल-मेमध्येच, ३-३ मीटरचा तुकडा खणून त्याच दिवशी खडीने भरा. आत माणूस उतरवूच नका, जेसीबीने खणा. काढलेली माती कडेवर ढीग करून ठेवू नका, तिचं वजनच कड पाडतं.

आणि कंत्राटदाराला आधीच लिहून द्या: गार्डनची माती आणि पेव्हर चराचं काम संपल्यावरच. उलट झालं तर बांधकामाचा गाळ पहिल्या पावसात वाहून थेट खडीत जाऊन बसतो, आणि हे ४१ तासांचं गणित तिथेच बिघडतं. पहिला पावसाळा संपेपर्यंत प्रत्येक कर्बच्या तोंडाशी गोणपाटात कच भरून आडवी ठेवा, दर आठवड्याला साचलेला गाळ घमेल्याने काढा.

---

हिवर_बाभूळ

ईशान्येच्या त्या ६ मीटरमध्ये मोठं झाड नको, साडेतीन फुटांवर दगड आहे. तिथे तरवड आणि कोरांटी लावा. करंज दक्षिणेच्या टोकाला, चरापासून ३ मीटर लांब. दोन-चार दिवस पाय ओले राहिले तरी त्याला चालतं. कडुनिंबाला चालत नाही, त्याला पश्चिमेच्या उंच बाजूलाच ठेवा.